पिक्सेल आर्ट गेम मोठ्या स्क्रीनवर नेताना या चुका टाळा

लोक मला पिक्सेल आर्टचे, म्हणजे एकेक ठिपका (पिक्सेल) मांडून काढलेल्या चित्रांचे गेम दाखवायला आणतात. चित्रं जीव ओतून काढलेली असतात आणि फुल स्क्रीन केलं की त्यांची माती होते. चुका दरवेळी त्याच.

सगळ्यात वाईट म्हणजे अपूर्णांकात मोठं करणं. माटुंग्याच्या एका कॉलेज फेस्टिव्हलला मी माझा बेस्टच्या बसचा गेम लावला होता. मूळ आकार ३२० बाय २४०, समोर १९२० बाय १०८० चा टीव्ही. १०८० भागिले २४०, साडेचार. अर्धा पिक्सेल पडद्यावर नसतोच, त्यामुळे एक रांग चारची, पुढची पाचची. कंडक्टरचे डोळे मी एकेका पिक्सेलचे काढले होते. टीव्हीवर एक बारीक, एक मोठा; बस जरा सरकली की उलट. एका छोट्या मुलीने विचारलं, "दादा, कंडक्टर सारखा डोळा का मारतो?" त्या चेहऱ्यासाठी दोन रात्री जागलो होतो. फार लागलं.

तेव्हापासून आधी भागाकार, मग चित्र. ३२० बाय १८० घ्या: ७२० पिक्सेल उंचीच्या पडद्याला चारपट, १०८० ला सहापट, १४४० ला आठपट, फोरकेला बारापट. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या लॅपटॉपवर चारपट करा आणि कडेला काळी पट्टी राहू द्या. पट्टी नको म्हणून चित्र ताणू नका, कंडक्टर पुन्हा डोळा मारू लागतो.

गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र मोठं करताना कडा गुळगुळीत करणारं फिल्टर बदला: गोडोत टेक्स्चर फिल्टर निअरेस्ट, युनिटीत पॉइंट. कॉम्प्रेशन बंद. एवढंही न बघता "धूसर का दिसतं" विचारू नका.

गेममधल्या कॅमेऱ्याची जागा पूर्ण पिक्सेलांत ठेवा, नाहीतर चित्र थरथरतं.

मराठी गेमवाल्यांची खास चूक अक्षरांची. इंग्रजी अक्षर आठ पिक्सेलांत मावतं. देवनागरीला शिरोरेघ, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. मग कंटाळून गुळगुळीत फॉन्ट वर चिकटवतात आणि ठोकळ्यांच्या बसवर छापील पाटी लटकते. मी १६ पिक्सेलांची ओळ धरतो आणि 'क्ष', 'र्‍या', 'ट्ठ' हाताने काढतो. वेळ जातो, जाऊ द्या.

टीव्हीवर दाखवणार असाल तर त्याचा ओव्हरस्कॅन बंद करा. तो चित्र थोडं फुगवून कडा कापतो आणि तुमचा सगळा हिशोब बिघडवतो. विंडोजचं १२५ टक्के स्केलिंग, म्हणजे पडद्यावरचं सगळं सव्वापट मोठं दाखवणं, तेही तसंच नडतं. मी एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी जाळी आधी लावून बघतो. कुठेही राखाडी पट्टे दिसले, तर गेम लावतच नाही.