परदेशी भाषेचं ॲप पारखताना या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे जर्मन किंवा पोर्तुगीज शिकायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न भाषेबद्दल क्वचितच असतो. खुर्चीत बसायच्या आधी मोबाईल पुढे येतो, ‘टीचर, हे ॲप बरं आहे का?’ मी विचारते, कशासाठी? इथे बहुतेक जण अडखळतात. कुणाला जर्मनीत नर्सिंगची नोकरी हवी असते, कुणाचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे कागद लिस्बनला गेलेले असतात, कुणी मोरजीला रशियन पर्यटकांना गाडीतून फिरवतो, कुणाच्या मुलीला शाळेत फ्रेंच घेतलेलं असतं. या चौघांना एकच ॲप कसं चालेल? पण निवडायची रीत चौघांची सारखीच: चुलत भावाकडे आहे, स्टार भरपूर आहेत आणि फुकट आहे.

सॉफ्टवेअरशी माझं वैर नाही, वर्गात मीच ते वापरायला लावते. पण ते कामाचं आहे की नाही हे ठरवताना तेच घोटाळे दरवर्षी होतात, आणि ते निस्तरायला मात्र माझ्याकडे येतात.

सलग दिवसांचा आकडा म्हणजे प्रगती समजणं

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, तेव्हा जरा लांबण लागेल.

वाळपईकडची एक मुलगी, नर्सिंग झालेली, जर्मनीला जायच्या तयारीत. वर्षाहून जास्त दिवस न चुकता ॲप उघडलं म्हणून पडद्यावर ज्योत पेटलेली. ॲपने तिला ‘बी१’ असा, म्हणजे मधल्या पातळीचा, शिक्काही मारून दिला होता. पुण्याच्या परीक्षेची फी भरून झाली होती आणि माझ्याकडे ती ‘फक्त थोडी प्रॅक्टिस’ करायला आली होती. मी फोन पालथा ठेवायला सांगितला आणि जर्मनमधून विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? प्रश्न तिला कळला, चेहऱ्यावर दिसलं. उत्तर बऱ्याच वेळाने आलं आणि तेही सगळं वर्तमानकाळात: मी जाते, मी खाते, मी झोपते. मग कागद दिला. बी१च्या लेखी भागात एका तासात तीन मजकूर लिहायचे असतात, त्यातला पहिला मित्राला किंवा मैत्रिणीला सुमारे ८० शब्दांचा ई-मेल. चार ओळींपुढे गाडी गेली नाही. प्रत्येक नामापाशी पेन थांबायचं. डेर, डी की डास, म्हणजे पुल्लिंग, स्त्रीलिंग की नपुंसकलिंग?

असं का झालं याचं कारण त्या ॲपमध्येच होतं. तिथला मुख्य सराव म्हणजे खाली दिलेले शब्दांचे ठोकळे उचलून वाक्य लावणं. वाक्यात टेबल असेल तर ठोकळ्यांत ‘डेर’ तेवढंच असायचं, ‘डी’ आणि ‘डास’ दिलेलेच नसायचे. नामाचं लिंग ठरवायची वेळ तिच्यावर वर्षभरात आलीच नाही. ठोकळे संपवायचे होते, ते संपले. समोर दिसतंय ते ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना आठवून बोलणं वेगळं. पहिलं कितीही केलं तरी दुसरं आपोआप येत नाही.

आणि ती ज्योत? रात्रपाळी असली की धाकटा भाऊ तिच्या फोनवर एखादा जुना सोपा धडा उरकून ती विझू द्यायचा नाही. भावाला जर्मनचं अक्षर येत नाही. तरी धडे पास व्हायचे! त्या ॲपच्या गुणांची किंमत काय, हे मला यापुढे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

फी भरलेली म्हणून ती परीक्षेला गेलीच. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ला वाचन, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं अशी चार मॉड्यूल्स असतात, प्रत्येकी १०० गुणांची, आणि प्रत्येकात किमान ६० लागतात. एकातली उणीव दुसऱ्यातून भरून निघत नाही. तिचं वाचन निघालं, लिहिणं आणि बोलणं राहिलं. बोलण्याच्या परीक्षेत सहसा दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि मिळून एखादा कार्यक्रम ठरवतात. समोरचा म्हणतो शनिवारी जाऊ, तुम्हाला म्हणायचं असतं की शनिवारी माझी ड्यूटी आहे. हे ठोकळे लावून येत नाही. नशीब एवढंच की मॉड्यूल्स सुटी देता येतात, त्यामुळे राहिलेलीच पुन्हा द्यावी लागली. नर्स म्हणून जर्मनीत मान्यता मिळवायला साधारणपणे त्याच्या वरची बी२ मागतात, तो डोंगर पुढेच होता.

त्या ‘बी१’ शिक्क्याबद्दलही सांगते. ए१ पासून सी२ पर्यंतच्या सहा पातळ्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केल्या. कोणत्या पातळीवर माणसाला काय जमायला हवं, याचं ते वर्णन आहे. कौन्सिल कुणाचं ॲप तपासून त्याला पातळी देत नाही. कंपनी आपल्या धड्यांवर बी१ छापते ते स्वतःच्या जबाबदारीवर.

माझी पद्धत जुनाट आहे. धडा झाला की त्यातली दहा वाक्यं वहीत मराठीतून लिहायची आणि वही मिटायची. आठ दिवसांनी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, ती परभाषेत लिहायची. निम्मी जमली तर ॲप आणि तुमचं बरं चाललंय. दोन-तीनच जमली तर कुठेतरी गळती आहे, ज्योत कितीही मोठी असो. धडा संपल्या संपल्या ॲप जी चाचणी घेतं ती मी मोजतच नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून पाहिली आणि १८८५ मध्ये मांडलं की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं. पाच मिनिटांनी घेतलेली परीक्षा म्हणजे विसरायच्या आत घेतलेली परीक्षा, तीत कोणीही हुशार ठरेल.

ही वहीची गोष्ट सांगितली की नव्यांची तोंडं उतरतात. ‘टीचर, वेळ कुठे असतो?’ ज्योतीला वेळ असतो.

कुठल्या देशाची पोर्तुगीज आहे हे न बघणं

गोव्यात तरी ही चूक व्हायला नको, पण इथेच जास्त होते. पोर्तुगालला जायचंय, आणि महिनोन्‌महिने शिकतायत ब्राझीलची पोर्तुगीज. ड्युओलिंगो ॲपचा पोर्तुगीज अभ्यासक्रम ब्राझीलचा आहे आणि त्यांनी ते लपवलेलं नाही, झेंडाच ब्राझीलचा लावलाय. मेमराइझ या दुसऱ्या ॲपवर दोन्ही प्रकार वेगळे निवडता येतात. झेंडा बघायला एक क्षण लागतो, तोही कुणी देत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. पहिल्या धड्यातलं ‘बों दिया’ ऐका. ‘दिया’ ऐकू आलं तर पोर्तुगाल, ‘जिया’सारखं ऐकू आलं तर बहुधा ब्राझील. लिस्बनचे लोक मधले स्वर इतके गिळतात की ब्राझीलच्या मोकळ्या उच्चारांवर तयार झालेल्या कानाला निम्मं वाक्य हरवल्यासारखं वाटतं. बस, आगगाडी, मोबाईल, सकाळचा नाश्ता, बाथरूम या रोजच्या गोष्टींनाही दोन्हीकडे वेगळे शब्द आहेत. शिवाय जवळच्या माणसाला ‘तू’ म्हणायची क्रियापदांची रूपं पोर्तुगालमध्ये पावलोपावली लागतात, आणि ब्राझीलच्या अभ्यासक्रमात ती बहुतेक वेळा बाजूला ठेवलेली असतात, कारण तिथे ‘व्होसे’ या दुसऱ्या सर्वनामावर पुष्कळसं भागतं.

ब्राझीलची भाषा खोटी आहे असं मी म्हणत नाही, साओ पावलोला जाणाऱ्याने तीच शिकावी. पण लिस्बन विद्यापीठाच्या केंद्राची सिप्ले ही ए२ पातळीची परीक्षा द्यायची असेल तर ऐकण्याच्या भागात तुमच्या कानावर युरोपातलीच पोर्तुगीज पडणार. ज्यांनी चुकीच्या प्रकारात महिने घातलेत त्यांना मी ॲप बदलायच्या आधी पोर्तुगालचा सरकारी रेडिओ लावायला सांगते. रोज अर्धा तास, कळो न कळो. आणि पणजीला जाणं होत असेल तर कामोंइश या पोर्तुगीज भाषेच्या केंद्रात चौकशी करा. तिथल्या फोन्तेन्यस वस्तीत एखादे आजोबा अजून घरात पोर्तुगीज बोलणारे भेटले तर त्यांच्याशी बोला, त्यांच्या उच्चारांचं वळण युरोपचंच असतं.

इंग्रजीची परीक्षा भाषेची समजणं

पेडण्याचा एक टॅक्सीवाला रशियन शिकत होता, अर्थात इंग्रजीतून, कारण मराठीतून रशियन शिकवणारं धड ॲप त्याला मिळालं नव्हतं. रशियन वाक्य त्याला बरोबर कळायचं, पण इंग्रजी भाषांतरात ‘द’ राहिला की लाल फुली. रशियनमध्ये ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, मराठीतही नाहीत. बिचारा कंपनीला पैसे देऊन इंग्रजीच्या चुका दुरुस्त करत बसला होता आणि रशियन आपल्याला जमत नाही असं समजून सोडायच्या बेतात होता.

ही ॲप्स इंग्रजी बोलणारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. त्यामुळे नामाला लिंग असतं, विभक्तीने शब्दाचं शेपूट बदलतं, हे त्यांत मोठं संकट म्हणून पानभर समजावलेलं असतं. आपल्याला घर, घराला, घरात हे बोलायला लागल्यापासून माहीत आहे. तीन लिंगं तर जर्मनमध्येही आहेत, रशियनमध्येही. तेव्हा हे धडे भराभर पुढे ढकला आणि जिथे खरोखर अडतं तिथे थांबा. भाषांतर इंग्रजीत मागणारे सराव बंद करता येत असतील तर करा. ऐकून परभाषेतच लिहायचे सराव ठेवा.

आणखी काही, थोडक्यात

मायक्रोफोनच्या हिरव्या खुणेवर भुलू नका. मुद्दाम चुकीचं बोलून बघा. मी तर नवं ॲप हातात आलं की जर्मन वाक्याच्या जागी मराठी वाक्य म्हणते. तरी हिरवं आलं, तर तो माइक शोभेचा.

अंकी या शब्द पाठ करायच्या सॉफ्टवेअरवर दुसऱ्याने केलेला पाच हजार शब्दांच्या कार्डांचा तयार संच उतरवून घेऊ नका. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. विसरायच्या सुमारास शब्द पुन्हा समोर आणणं हे एकच काम ते करतं आणि चोख करतं. शिकवत मात्र काही नाही. ज्या शब्दाशी तुमची ओळखच नाही त्याची आठवण ते काय करून देणार? कार्डं स्वतः करा, रोज थोडी, आणि तुम्ही कुठेतरी वाचलेल्या किंवा ऐकलेल्या वाक्यासकट. कंटाळा येतो, माहीत आहे.

शब्द खूप येतात पण ऐकून कळत नाही, अशी तक्रार असेल तर ॲपमधले आवाज मोजा. स्टुडिओतले तेच दोन आवाज सावकाश बोलत असतील तर कान तेवढ्यांनाच सरावतो. जर्मनसाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे मोफत आहेत, सावकाश वाचलेल्या बातम्याही आहेत. तिथून सुरू करा आणि मग नेहमीच्या वेगाच्या बातम्यांकडे जा.

एआयशी गप्पा मारून शिकणाऱ्यांना एकच सांगणं: ते फार सभ्य असतं. तुमचं मोडकंतोडकं समजून घेतं आणि वाहवा करतं. ‘माझी प्रत्येक चूक आधी दाखव, मगच उत्तर दे’ असं सुरुवातीलाच बजावा, आणि ते जे नियम सांगेल ते व्याकरणाच्या पुस्तकात पडताळा.

स्टार आणि अभिप्राय वाचून निवडू नका, त्यांतले बरेचसे पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात लिहिलेले असतात. पहिल्या आठवड्यात सगळीच ॲप्स सुंदर असतात.

उमलाउट (जर्मन स्वरांवरची दोन टिंबं) आणि अनुनासिकाच्या खुणा न देता लिहिलेलं ॲप चालवून घेतं, कागद तपासणारा परीक्षक घेत नाही. फोनवर त्या भाषेचा कीबोर्ड घाला आणि अधूनमधून हाताने लिहा.

सत्तरी-सांग्यात राहणाऱ्यांनी धडे ऑफलाइन उतरतात का ते आधी बघावं. पावसात वीज गेली की नेटवर्कही जातं आणि अभ्यासाला चांगलं निमित्त मिळतं.

आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सवलत कितीही मोठी दिसली तरी. एक महिना घ्या, वहीची परीक्षा दोन-तीनदा करा, मग ठरवा. नको वाटलं तर नुसतं ॲप काढून टाकून भागत नाही, पैसे कापले जातच राहतात. प्ले स्टोअरमध्ये सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊन ते रद्द करावं लागतं, आणि तेही नूतनीकरणाच्या तारखेच्या आधी.