विंडोज टाकल्यावरची कामं बॅच फाइलवर सोपवताना

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. नागपुरात लॅबची मशिन्स नव्याने बसवायला मिळतो तो त्याआधीचाच काळ, आणि वादळाने वीज जाण्याचाही तोच. म्हणून अर्ध्यावर तुटली तरी पुन्हा बिनधास्त चालवता येईल अशीच स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक कमांड चालवणारी बॅच फाइल, लिहा.

बॅच फाइल आणि सगळे इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर एकाच फोल्डरमध्ये ठेवा. मार्गात ड्राइव्हचं अक्षर नको. इथला ई दुसऱ्या मशिनवर एफ होतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेली फाइल सिस्टम32 मधून सुरू होते, त्यामुळे नुसतं नाव दिलं तर इन्स्टॉलर सापडत नाही. प्रत्येक नावाआधी %~डीपी0 लावा, म्हणजे स्क्रिप्टचं स्वतःचं फोल्डर धरलं जातं.

एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर प्रकारातल्या) फाइलला काही न विचारता बसवण्यासाठी /क्यूएन आणि आपोआप रीस्टार्ट टाळण्यासाठी /नोरीस्टार्ट पुरतं. ईएक्सई इन्स्टॉलरचे असे स्विच (कमांडला जोडायचे पर्याय) बनवणाऱ्यागणिक बदलतात. एनएसआयएस या साधनाने बनवलेल्या इन्स्टॉलरला /एस स्विच मोठ्या लिपीतलाच लागतो. इन्स्टॉलर सुरू करायला स्टार्ट कमांड वापरत असाल तर तो संपेपर्यंत थांबवणारं /वेट हवंच, नाहीतर दोन एमएसआय एकमेकांवर आदळून 1618 ही चूक येते. स्टार्टनंतर रिकामी अवतरणचिन्हं द्या. न दिल्यास अवतरणातला मार्ग खिडकीचं शीर्षक समजला जातो.

आता मुख्य गोष्ट. ‘प्रोग्रामची फाइल आहे, म्हणजे झालं’ अशी तपासणी फसवी आहे. वीज गेली तेव्हा फाइल उतरलेली असते, इन्स्टॉलेशन मात्र अपुरं असतं. एमएसआयकडून परतीचा आकडा 0 (काम झालं) किंवा 3010 आल्यावरच स्क्रिप्टने सी ड्राइव्हवर खुणेची छोटी फाइल लिहावी, आणि पुढच्या वेळी तीच पाहून ती पायरी सोडावी. 3010 ही चूक नव्हे. काम झालंय, रीस्टार्ट बाकी आहे. हा परतीचा आकडा %एररलेव्हल% मध्ये मिळतो, पण कंसातल्या ब्लॉकमध्ये ते जुनाच आकडा दाखवतं, कारण पूर्ण ब्लॉक आधीच वाचला जातो. तिथे डिलेड एक्सपान्शन (ओळ चालतानाच आकडा वाचण्याची सोय) चालू करून !एररलेव्हल! लिहा. हा आकडा वेळेसकट लॉगमध्येही जाऊ द्या.

फाइल बीओएमशिवाय (एडिटर सुरुवातीला घालतो त्या अदृश्य एन्कोडिंग-खुणेशिवाय) साठवा, नाहीतर पहिली ओळच बिघडते.

हेच काम लॉगिनआधी आपोआप हवं असेल तर विंडोज फोल्डरमधल्या सेटअप फोल्डरच्या आतल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ही स्क्रिप्ट सेटअपकंप्लीट.सीएमडी नावाने ठेवा. ती विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम खात्यावर चालते, म्हणून करंट युजरच्या रजिस्ट्रीतले बदल विद्यार्थ्याच्या खात्यात दिसणार नाहीत. बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) घेतलेल्या ब्रँडेड मशिनला ओईएम की (कंपनीने मशिनसोबतच दिलेली विंडोजची की) असेल, तर होम आणि प्रो आवृत्तीत ही फाइल चालतच नाही. तिथे पेनड्राइव्हवरूनच चालवा.