पावसाळ्यातली यॉट-दुरुस्ती: आधी तळ, मग सोफे

मुंबई बंदरात किंवा मांडव्याला उभ्या राहणाऱ्या १८-२० मीटरच्या, दोन डिझेल इंजिनांच्या फायबरग्लास यॉटची मोठी कामं पावसाळ्यातच उरकावी लागतात. बरेच मालक या दिवसांत सोफे, स्पीकर, दिवे बदलतात आणि तळाला फक्त रंग मारून घेतात. क्रम उलटा हवा. बोट पाण्याबाहेर असतानाच जे करता येतं त्याला पहिला पैसा द्या. सोफा तरंगत्या बोटीतही बदलता येतो.

मे महिन्यातल्या अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला बोट वर घ्या, म्हणजे भरतीला पुरेसं पाणी मिळतं. तळ ओला असतानाच प्रेशर वॉशरने धुवा; तळाला चिकटलेले बार्नेकल (शिंपल्यासारखे कवचाचे जीव) वाळले की मग खरवडूनच काढावे लागतात. जेलकोटवरचे (फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) फोड आणि इपॉक्सीचं काम पहिल्या पावसाच्या आत संपवा. हवेत ८५ टक्क्यांहून जास्त दमटपणा असेल तर इपॉक्सी आणि रंग नीट धरत नाहीत, आणि पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव बनून बसते) किमान ३ अंश गरम लागतो. जुलैत उघड्या यार्डात हे शक्य नाही. अँटिफाउलिंग (बार्नेकल आणि शेवाळ धरू न देणारा तळाचा रंग) मात्र अगदी शेवटी, उतरवायच्या आधी मारा. रंग दिल्यापासून किती दिवसांत बोट पाण्यात जायला हवी हे डब्यावर दिलेलं असतं.

झिंक अॅनोड (बोटीच्या बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे) निम्मे झिजले की बदला. नट घट्ट हवा, खालचा धातू घासून चकचकीत केलेला हवा, आणि अॅनोडवर रंगाचा थेंबही नको. रंगवलेला अॅनोड काम करत नाही. गोव्यातल्या मांडवीसारख्या नदीमुखात, जिथे पावसाळ्यात गोडं पाणी येतं, तिथे झिंकवर पापुद्रा धरून ते निष्क्रिय होतं. तिथे अॅल्युमिनियमचे अॅनोड बरे.

इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. मुंबईच्या गाळामुळे शाफ्टला पाण्यात आधार देणाऱ्या कटलेस बेअरिंगचं रबर लवकर झिजतं, आणि ढिल्या शाफ्टचा हादरा थेट, शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या सीलवर जातो. ड्रिपलेस सील असेल तर त्याचं रबरी बेलोज (घड्यांची नळी) साधारण सहा वर्षांनी बदलावं, चांगलं दिसत असलं तरी. ते फाटलं तर पाणी सरळ इंजिनरूममध्ये. सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) एकूण एक उघड-बंद करून बघा. ज्याचा धातू गुलाबी पडलाय तो पितळेचा आहे आणि त्यातलं जस्त निघून गेलंय. तो लगेच काढा.

इंजिनाचं तेल बोट उभी करण्याआधीच बदला, कारण जुन्या तेलातली आम्लं महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहतात. काढलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्या: सोडियम वाढलेलं निघालं तर समुद्राचं पाणी आत येत असल्याची शंका घ्या. कूलिंग गोड्या पाण्याने धुऊन इम्पेलर (कूलिंगसाठी समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपातली रबरी चक्री) काढून ठेवा आणि उतरवताना नवा बसवा, ग्लिसरीन लावून; ग्रीसने त्याचं रबर फुगतं. जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे हीट एक्स्चेंजरमध्ये (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढणारा भाग) शोधा. ते मिळेपर्यंत इंजिन चालवू नका. एक्झॉस्टच्या मिक्सिंग एल्बोवर (गरम धुरात समुद्राचं पाणी मिसळणारा वाकडा पाईप) पांढरं मीठ दिसलं तर तो आतून कुजलाय. दुरुस्त करत बसू नका, बदला. डिझेलच्या टाक्या भरून ठेवा, नाहीतर ओल धरून तळाशी पाणी साचतं आणि त्यात वाढलेल्या जंतूंचा काळा चिखल फिल्टर बंद करतो.

यानंतर उरलेल्या पैशात अपग्रेड. लिथियम बॅटऱ्या घेताय तर अल्टरनेटरसाठी (इंजिनावर चालून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) डीसी-डीसी चार्जर किंवा बाहेरचा रेग्युलेटर सोबतच घ्या. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढतं, आणि साधा अल्टरनेटर तापून जळतो. नांगरावर हेलकावे नको असतील तर जायरो स्टॅबिलायझर (वेगाने फिरणाऱ्या जड चाकाने बोट स्थिर ठेवणारं यंत्र) उपयोगी आहे, पण त्याचा जोर पेलणारे स्ट्रिंगर (तळाला मजबुती देणारे लांब कणे) आहेत का हे नेव्हल आर्किटेक्टकडून तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

बोट उतरवली की दोन दिवस तरंगू द्या. पाण्यात तळाचा आकार किंचित बदलतो, म्हणून इंजिन-शाफ्टचं अलाइनमेंट त्यानंतरच मोजा: कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्या) दर १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. मग टाक्या आणि सामान भरून फुल थ्रॉटल द्या. तळ स्वच्छ असूनही कंपनीने दिलेला कमाल आरपीएम गाठला जात नसेल आणि इंजिनात दोष नसेल तर बोट जड झालीय. पंख्याचा पिच (पात्यांचा तिरपेपणा) कमी करून घ्या. नाहीतर ओव्हरलोडमुळे एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो व व्हॉल्व्ह वेळेआधी जातात.