साथ चढत असताना लसीकरण मागे पडलेल्या गावाने काय करावे

साथीची लाट तालुक्यात पोहोचली आहे आणि गावातील बऱ्याच लोकांनी लस घेतलेली नाही, अशा वेळी ग्रामपंचायत, शिक्षक, आशाताई आणि चार जाणत्या माणसांनी कामाला कोठून सुरुवात करावी, हे येथे लिहीत आहे. २०२१ मध्ये, कोविडच्या साथीत, नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्याच्या लसीकरण सत्रांवर नोंदणीचे काम माझ्याकडे होते. त्या अनुभवातून जे शिकलो, तेच प्रामुख्याने यात आहे. पुढची साथ वेगळ्या आजाराची असू शकेल आणि तिची लसही निराळी असेल, त्यामुळे मात्रा, अंतर व वयोगट यांबाबत त्या वेळच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सूचनाच मानाव्यात.

लस टोचल्यापासून शरीरात पुरेसे संरक्षण तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात, आणि दोन मात्रांची लस असेल तर पूर्ण संरक्षणास त्याहून बराच काळ जातो. मे २०२१ मध्ये कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले होते; कोव्हॅक्सिनचे चार ते सहा आठवडे होते. म्हणजे आज भरवलेले सत्र या आठवड्यातील रुग्णांना वाचवणार नाही. म्हणून आजारी माणूस लवकर हुडकणे आणि लस राहिलेला माणूस हुडकणे ही दोन्ही कामे एकाच घरभेटीत करावीत. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. त्याच फेरीला लसीची चौकशी जोडली की उंबरठा दोनदा झिजवावा लागत नाही.

घरभेटीला निघण्यापूर्वी एक जाड वही घ्यावी. गावाची टक्केवारी सध्या बाजूला ठेवावी, कारण ती फसवते: गावठाणात बहुतेकांचे लसीकरण झालेले असते, चार किलोमीटरवरच्या पाड्यात कोणाचेच झालेले नसते, आणि दोन्ही मिळून आकडा बरा दिसतो. वहीत प्रत्येक पाड्याला स्वतंत्र पाने द्यावीत. नाव, वय, जुने आजार, पहिल्या मात्रेची तारीख, दुसरी कधी देय आहे, मोबाईल कोणाचा दिला आहे, कामासाठी कोठे व कधी जातात, आणि लस घेतली नसल्यास त्याचे कारण, इतके रकाने पुरतात. मोबाईलचा रकाना क्षुल्लक वाटेल, पण एका क्रमांकावर चौघांची नोंदणी होत असे आणि घरातला एकुलता मोबाईल मुलगा सुरतला घेऊन गेलेला असे. आम्ही ओसरीवर आजीची नोंदणी करत बसलेलो आणि ओटीपी वाजायचा सुरतेत! ओळखपत्र नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये. अशा व्यक्तींच्या लसीकरणाची कार्यपद्धती केंद्र सरकारने मे २०२१ मध्येच काढली होती.

कामाच्या रकान्याला मी सर्वाधिक महत्त्व देतो. सातपुड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. जळगावकडे कापूस वेचणी, रावेर-यावलला केळी कापणी, नंदुरबारला मिरचीच्या पथारी, असे प्रत्येक हंगामाचे आपापले वेळापत्रक असते. दुसऱ्या मात्रेची तारीख या काळात येत असेल, तर निघण्यापूर्वीच त्या माणसाच्या हाती लसीचे नाव आणि देय तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि तीच लस तिकडच्या केंद्रावर घ्यायची आहे, हे मुकादमालाही सांगून ठेवावे; कोविडच्या वेळी ती देशातील कोणत्याही केंद्रावर घेता येत असे.

न घेण्याचे कारण माणसाच्या स्वतःच्या शब्दांत उतरवून घ्यावे. ‘नकार’ एवढेच लिहून पान उलटू नये. एका वृद्ध बाईंनी मला विचारले होते, “माले कसाले सुई? मी ते वावरमाच ऱ्हास.” (मला कशाला सुई? मी तर शेतातच असते.) मी ‘नकार’ लिहिला. दुसऱ्या दिवशी आशाताई त्यांच्याजवळ तासभर बसल्या, तेव्हा खरी अडचण कळली: सुईनंतर ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडेल आणि मुकादम बदली बाई घेईल, ही भीती होती. त्यावर माहितीपत्रक कामाचे नाही. मुकादमाशी बोलावे, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लस द्यावी, एक-दोन दिवस अंग दुखणे वा ताप येणे अपेक्षित असते हे आधीच सांगावे आणि पॅरासिटामॉल कशी घ्यायची ते सिस्टरांकडून समजावून द्यावे. मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, अशा अफवांना मात्र भिलोरी, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या, त्याच वस्तीतील लस घेतलेल्या माणसानेच उत्तर द्यावे. बाहेरच्याने शुद्ध मराठीत दिलेले व्याख्यान लोक मान डोलावत ऐकतात आणि घरी जातात. कारभारी, पोलीस पाटील आणि भगत (वस्तीतला देवऋषी) यांना पहिल्याच दिवशी विश्वासात घ्यावे. भगताला टाळून केलेले नियोजन आमच्या अंगाशी आले होते.

सत्राची जागा आणि वेळ ठरवताना शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) व मजुरी यांचा मेळ घालावा लागतो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागे. आठवडी बाजाराच्या दिवशी, भर अकराला आम्ही एका पाड्यावर सत्र ठेवले आणि कुपी फोडण्याइतकी माणसेही जमली नाहीत. दोघे-तिघे आले होते, त्यांनाही “थांबा, दहा होऊ द्या” म्हणत बसवले आणि तेही उठून गेले. त्यानंतर आदल्या रात्री दहा-बारा नावे पक्की केल्याशिवाय आम्ही निघालो नाही. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशात पारा ४४ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे सकाळी सात ते दहा ही वेळ बरी. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे, पण गोठताही कामा नये. म्हणून सिस्टर पेटी भरण्यापूर्वी आईस पॅक कानाजवळ हलवून पाहतात, आत पाणी खळखळले तरच तो पेटीत जातो. लस घेतलेल्यांना अर्धा तास शाळेच्या व्हरांड्यात बसवावे आणि तेथे पाण्याचा माठ ठेवावा. ताप असलेल्याला त्या दिवशी लस न देता तपासणीस पाठवावे.

लसीनंतर काही दिवसांत वस्तीत कोणाचा मृत्यू झाला, कारण काहीही असो, तर सगळे काम एका रात्रीत थांबते. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवून त्यांना त्या घरी आणावे. चौकशी होण्यापूर्वी “लसीमुळे नाहीच” असे ठासून सांगू नये. पुढे कारण काहीही निघाले, तरी घाईने बोललेले लोक विसरत नाहीत.

रुग्ण शोधण्यासाठी प्रत्येक पाड्यावर एक पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन दाखवणारे यंत्र) आणि तो वाचता येणारी दोन माणसे असावीत. बोटावर मेंदी किंवा नखपॉलिश असेल तर आकडा चुकू शकतो. लग्नसराईत हे हमखास घडते, तेव्हा दुसरे बोट पाहावे. बसल्या जागी आकडा ९४ पेक्षा कमी आला, किंवा सहा मिनिटे घरातल्या घरात चालल्यावर तो तीन अंकांनी किंवा अधिक घसरला, तर वाट पाहू नये आणि १०८ला कळवावे. मात्र ज्याला बसल्या बसल्या धाप लागली आहे, त्याला चालायला लावू नये. जेथे रुग्णवाहिका पोहोचत नाही, तेथे झोळी कोण धरणार, नर्मदाकाठी होडी कोणाची आणि डांबरी रस्त्यावर जीप कोणाची, ही नावे वहीच्या पहिल्या पानावर असावीत. नंदुरबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरल्यावरच्या शांत काळात ऑक्सिजन प्रकल्प उभारून घेतले, म्हणून दुसऱ्या लाटेत जिल्ह्याला त्यांचा आधार मिळाला. गावाचीही तयारी अशाच काळात व्हायला हवी.

गर्दी रोखताना हळद आणि लग्न यांच्याकडे सगळ्यांचे लक्ष असते. कोणी वारल्यावर दारावर बसायला येणारे आणि गंधमुक्तीच्या (दुखवटा संपवण्याच्या) दिवशी जमणारे नातलग कोणी मोजत नाही. तेथे नाही म्हणणे फार अवघड जाते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांशी आधीच बोलून, बाहेरगावच्यांनी फोनवर सांत्वन करावे, असा निरोप त्यांच्याच नावाने पाठवावा आणि उपस्थितांना अंगणात, अंतराने बसवावे.

दर शनिवारी संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून वही उघडावी, राहिलेली नावे मोठ्याने वाचावीत आणि प्रत्येक नावापुढे त्या घरी उद्या कोण जाणार, ते पेन्सिलीने लिहावे. एकाला दार उघडले नाही, तर पुढच्या शनिवारी ते खोडून दुसऱ्याचे लिहिता येते.