वर्षाची आखणी एप्रिलपासून करू नका

माझी पहिली वार्षिक कार्ययोजना अजून ऑफिसच्या कपाटात आहे. बारा महिने, बारा विषय, प्रत्येक महिन्याला वेगळा रंग. मार्चअखेर, कूलरसमोरून उठवत नाही अशा दिवसांत, मी ती एकटीने बसून केली. कार्यकारिणीत सगळ्यांनी कौतुक केलं. त्या कौतुकानेच माझा घात केला.

मी नागपुरात एका कामगार महासंघाच्या संशोधन कक्षात काम करते. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि मी. आमचे नेते दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांच्या त्रिपक्षीय बैठकांना जातात. वेतन, रोजगार, सामाजिक सुरक्षा यांवर तिथे काय मांडायचं, याची वर्षभराची तयारी माझ्याकडे असते. समाजकार्य किंवा अर्थशास्त्रात एमए झालेली मुलं या वाटेला यायचं म्हणून फोन करतात आणि दर वेळी मी तेच तेच सांगते, म्हणून आता लिहून टाकते. भारतीय श्रम परिषद ही या त्रिपक्षीय बैठकांमधली मोठी, आणि स्थायी श्रम समिती ही तिची छोटी समिती, एवढं लक्षात ठेवा.

त्या रंगीत तक्त्यात किमान वेतनाचा विषय मी जानेवारीत टाकला होता. का? तर एप्रिलपासून सोपे विषय घेत जाऊ, हात बसला की अवघड घेऊ. टिपण झालंही छान. १९५७ च्या १५ व्या श्रम परिषदेचे निकष घेतले: तीन उपभोग एकक (म्हणजे चौघांच्या कुटुंबाचं खाणं तीन प्रौढांइतकं धरायचं), प्रत्येक प्रौढाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड. त्यावर १९९१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातले मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठीचे २५ टक्के मिळवले, आणि इतवारीतल्या डाळ-तांदळाच्या भावांनी हिशेब मांडला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात टिपण नेत्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, अर्थसंकल्पाआधीची अर्थमंत्र्यांसोबतची बैठक तर मागच्याच महिन्यात झाली." अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडतात. माझं टिपण लग्न लागल्यावर आलेल्या आहेरासारखं होतं. ठेवून घेतलं, पण पंगती उठल्या होत्या.

हे जरा जास्तच फोडून सांगते, कारण सगळे इथेच पडतात. योजना निर्णयाच्या तारखेपासून मागे मोजत करायची असते. अर्थसंकल्पपूर्व बैठका साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होतात, कधी जानेवारीही उजाडतो. तुम्ही नोव्हेंबरच धरा. बैठकीचं पत्र आयत्या वेळी येतं, म्हणून निवेदन आधीच मंजूर झालेलं हवं. मंजुरी कार्यकारिणी देते. कार्यकारिणीपुढे जाण्याआधी मसुदा बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, उमरेडच्या कोळसा खाणी, चंद्रपूर असा फिरून यायला हवा, नाहीतर भर बैठकीत कोणीतरी उठून म्हणतं, "आम्हाला विचारलं कुठं?" या फेरीला तीन आठवडे. मग हिंदी-इंग्रजी भाषांतर. असं मागे मागे येत तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर पोचता. आणि ऑक्टोबर आमच्या नागपुरात महिना नसतोच. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, आमचे निम्मे कार्यकर्ते तिथल्या व्यवस्थेत असतात, लगेच दिवाळी. म्हणजे मसुदा सप्टेंबरअखेर तयार पाहिजे. त्यासाठी अभ्यास पोळ्याच्याही आधी सुरू व्हायला हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघाली आणि तुमची फाईल उघडलेली नसेल, तर त्या वर्षीचा विषय "घेऊन जा गे मारबत" म्हणून सोडून द्या.

डिसेंबरवर तर भिस्त ठेवूच नका. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे भरतं आणि यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. नेते मोर्चात, कार्यकर्ते मंडपात. तुमचं टिपण वाचायला उरतो फक्त चहावाला.

आता आकड्यांचं. औद्योगिक कामगारांसाठी महागाई मोजणारा ग्राहक किंमत निर्देशांक पुढच्या महिन्याच्या शेवटी जाहीर होतो, म्हणून सप्टेंबरच्या मसुद्यात जुलैचाच आकडा येणार. ते लपवू नका, स्पष्ट लिहा. मालिकेचं आधारवर्षही, म्हणजे ज्या वर्षाचे भाव १०० धरले आहेत ते, तपासा. २०१६ च्या मालिकेतला आकडा २००१ च्या मालिकेत न्यायचा तर २.८८ ने गुणावं लागतं. १४० चे ४०३ होतात. हे न करता दोन्ही एका आलेखात घातले तर महागाई कोसळल्यासारखी दिसते आणि मालकांचा प्रतिनिधी समोर बसून गालात हसतो. रोजगार मोजणाऱ्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचं वर्षही आधी जुलै ते जून होतं, २०२५ पासून जानेवारी ते डिसेंबर आहे. तुलना जपून करा.

घाबरलात? घाबरू नका. एक वर्ष हे चक्र पाहिलं की अंगवळणी पडतं. मला दोन लागली.

दुसरी गोष्ट, योजना गच्च भरू नका. स्पेनमध्ये आर्थिक आणि सामाजिक परिषद आहे, १९९१ च्या कायद्याने झालेली. ती दरवर्षी देशाच्या आर्थिक, सामाजिक आणि श्रमविषयक स्थितीवर मोठा अहवाल काढते, शिवाय सरकारने पाठवलेल्या कायद्यांच्या मसुद्यांवर मतही देते. मतासाठी किमान १५ दिवस, तातडी असेल तर १०. म्हणजे तिथेही आपला विषय आणि अचानक आलेला विषय असे दोन प्रवाह एकाच टेबलावर वाहतात. आपल्याकडे श्रमसंहितांच्या, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या कायद्यांच्या, मसुदा नियमांवर हरकतींसाठी ३० नाहीतर ४५ दिवस मिळतात, आणि तेवढ्यात तीच फेरी, तीच मंजुरी. मी आता वर्षाचा एक तृतीयांश भाग कोराच ठेवते. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून चालणाऱ्या अशाच परिषदेत सरकार, मालक, कामगार यांच्यासोबत समाजगटांनाही चौथी खुर्ची आहे. आपल्याकडे ती नाही, म्हणून सीताबर्डीचा फेरीवाला किंवा घरकाम करणारी बाई तुमच्या तक्त्यात आपणहून येणार नाही. ती तुम्हालाच आणावी लागेल.

कडू गोष्टही सांगून टाकते. १९४२ साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, ही त्रिपक्षीय श्रम परिषद आकाराला आली. तिचं ४६ वं अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झालं आणि पुढे वर्षानुवर्षं ती भरलीच नाही. जी बैठक बोलावलीच जात नाही तिची तयारी करताना मन खट्टू होतं. अशा वेळी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १४४ क्रमांकाचा करार काढून वाचा. भारताने तो १९७८ मध्ये मान्य केला आहे. संघटनेच्या कामकाजाबाबत वर्षातून निदान एकदा तरी तिन्ही पक्षांत विचारविनिमय व्हावा, असं त्यात लिहिलं आहे. संघटनेची जिनिव्हातली परिषद जूनमध्ये असते. तीही तारीख तक्त्यात घाला.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कोणाला पटत नाही. मंचावर बसणाऱ्यांच्या मागे फिरू नका, इतिवृत्त लिहिणाऱ्याला धरा. मला शिकवलं ते एका निवृत्त लघुलेखक काकांनी. माझी योजना पाहून ते एवढंच विचारायचे, "हे कोनं मागतलं तुले?" उत्तर नसलं की त्या ओळीवर काट. मागच्या वर्षीची योजना तारखा बदलून पुढे सरकवणं हा शॉर्टकट मी करून पाहिला आहे. काकांनी दोन मिनिटांत पकडला.

कामगार शिक्षणाचं राष्ट्रीय मंडळ १९५८ पासूनचं, आणि त्याचं कार्यालय आपल्याच गावात आहे. दिल्लीचं तिकीट काढण्याआधी तिथे जाऊन या. पगार विचाराल तर सुरुवातीला तोकडाच, आणि करार बहुतेक अकरा महिन्यांचा. तो करार कोणत्या महिन्यात संपतो तेवढं बघून घ्या. माझा ऑक्टोबरात संपायचा.