नव्या कोंबड्या जुन्या कळपात कशा सोडाव्यात

गोराईला आमची अर्ध्या एकराची वाडी आहे. नारळ, चिकू, एक गोडी विहीर आणि मागे खाजण. गेली बारा वर्षं तिथे गावठी, गिरिराज आणि कडकनाथ जातीच्या कोंबड्या एकाच आवारात मोकळ्या फिरतात. होडीने येणारे पाहुणे खुराड्याबद्दल आणि खाण्याबद्दल विचारतात. ते सोपं आहे, म्हणून आधी उरकते.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, प्रत्येक पक्ष्यामागे दोन चौरस फूट जागा, पावसाची झड येते त्या बाजूला पत्रा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला आणि कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. राणीखेत म्हणजे मानमोडीची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची दोन आठवड्यांना, राणीखेतची पुढची लस आठव्या आठवड्यात. वेळापत्रक पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. लहानमोठे एकत्र असतील तर अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य सगळ्यांना घालू नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळ्यांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा. जिला हवा ती खाते.

आता खरं काम. कोंबड्यांमध्ये उतरंड असते. दाण्यावर आधी कोण, वरच्या दांडीवर कोण, सगळं ठरलेलं. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली ही उतरंड शास्त्रीय पद्धतीने मांडली. नवा पक्षी आला की ती नव्याने लागते, आणि ती चोचीने लागते.

मला सुरुवातीला सांगितलं गेलं, आजही सर्रास सांगतात, की नव्या कोंबड्या रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा, सकाळी जुन्यांना कळतसुद्धा नाही. कृपा करून हे करू नका. त्यांना पक्कं कळतं. मी चार कडकनाथ तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, अशाच बसवल्या होत्या. पहाटे साडेपाचला दार उघडलं तर एक अंड्यांच्या खोक्यामागे डोकं खुपसून बसलेली, तुऱ्यामागची कातडी मानेपर्यंत सोललेली. दुपारी ती गेली. बाकीच्या तिघी दोन दिवस पाण्यालाही खाली उतरल्या नाहीत. ती चूक माझी होती.

तेव्हापासून मी घाई करत नाही. पहिले तीस दिवस नव्या कोंबड्या वाडीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी भांडी, वेगळ्या चपला. त्यांचं काम दिवसात सगळ्यात शेवटी. एकदा बाजारातल्या सहा कोंबड्या, दिसायला ठणठणीत, थेट आत घेतल्या आणि पाचव्या दिवशी मानमोडी आली. सतरा पक्षी गेले. लस वेळेवर टोचलेली नव्हती, हाही माझाच हलगर्जीपणा.

वयाचंही पाहा. दहा-बारा आठवड्यांआधीचं पिल्लू मोठ्यांत सोडायचं नाही, आईबरोबर असेल तर गोष्ट वेगळी. रवणीची, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढलेली कोंबडी त्यांच्यासाठी दांडग्या कोंबड्यावरही धावून जाते. एकटा पक्षी तर कधीच आणू नका. तीन तरी हवेत, आणि रंगाने वेगळे असतील तर नक्कीच. पांढऱ्यातांबड्या कळपातली एकटी काळी कोंबडी सगळ्यांच्या चोचींचं निशाण होते.

तीस दिवसांनंतर जुन्यांच्या आवारातच मध्ये जाळी लावून दोन आठवडे शेजार. जाळीच्या दोन्ही अंगांना दाणा घाला, म्हणजे तोंडाला तोंड लावून खाण्याची सवय होते. पहिले तीन दिवस जाळीवर पिसं फुगवून उड्या मारतील, मग कंटाळतील. दुसऱ्या आठवड्यात जुन्यांपैकी दोन गरीब स्वभावाच्या कोंबड्या नव्यांकडे राहायला पाठवा. हा उपाय मला उशिरा सुचला आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

प्रत्यक्ष भेट उघड्यावर, संध्याकाळी, अंधार पडायच्या तासभर आधी. खुराड्यात कधीच नाही, तिथे पळायला वाट नसते. दाणापाणी तीन ठिकाणी ठेवा आणि मधे झावळ्या, फुटकी डालगी टाका. मार खाणाऱ्या कोंबडीला दोन पावलांत नजरेआड होता आलं पाहिजे. थोडं टोचणं, पाठलाग चालू द्या. रक्त दिसलं की मात्र लगेच उचला, कारण लाल दिसलं की बाकीच्याही तुटून पडतात. जखम धुवा, हळद खोबरेल लावा, भरेपर्यंत जाळीपलीकडे ठेवा.

एकच दांडगी सारखी मारत असेल तर मार खाणारीला नाही, दांडगीलाच चार-पाच दिवस बाहेर काढा. ती परत येते तेव्हा तिची जागा गेलेली असते. कोंबडा आठ-दहा माद्यांमागे एकच. तीन-चार किलोचा गिरिराज हलक्या कडकनाथच्या पाठीवर रोज चढला तर नखांनी पाठ सोलून निघते, म्हणून माझ्याकडे कोंबडा गावठीच असतो.

हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये करू नका. पावसात कळप दिवसदिवस आत कोंडलेला असतो, ओल्या तुसात रक्ती हगवण फैलावते, आणि कोंडलेल्या कोंबड्या जास्त मारतात. दिवाळीनंतर करा.

पहिले दहा दिवस रात्री बॅटरी घेऊन प्रत्येक नवीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपा. भरलेली असेल तर लिंबाएवढी, टणक लागते. रिकामी लागली तर ती दिवसभर दाण्याजवळ पोचलेली नाही, कितीही धडधाकट दिसली तरी. तिला दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडण्याआधी वेगळं खायला घाला आणि दाण्याचं आणखी एक ठिकाण वाढवा.