नौदलातून निवृत्त होऊन कोकण किनाऱ्याचा इतिहास लिहायला घेताना

किनाऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्या बहुतेकांनी जलदुर्ग जमिनीवरून पाहिलेला असतो. नौदलात वीस-तीस वर्षे काढलेला माणूस तो पाण्यावरून पाहतो, आणि तेच त्याचे भांडवल. पण कागद वाचता आला नाही तर हे भांडवल पडून राहते. म्हणून पहिले वर्ष लिखाणाचे धरू नका, मोडी लिपीचे धरा.

त्याआधी विषय आवळून घ्या. ‘मराठ्यांचे आरमार’ हा विषय नाही, तो महासागर झाला. एक खाडी आणि चाळीस-पन्नास वर्षे एवढाच आवाका ठेवा. वाघोटण खाडी व विजयदुर्ग, वाशिष्ठी व दाभोळ, सावित्री व बाणकोट यांपैकी एक घ्या. निवडताना ती खाडी वर्षातून निदान तीनदा गाठता येईल का, एवढे पाहा : एकदा उधाणाला, एकदा भांगेला (चढउतार सर्वांत कमी असतो तेव्हा), एकदा ऐन पावसाळ्यात.

मोडीचा रोज एक तास धरला तर चार-सहा महिन्यांत साफ अक्षराचे पत्र लागते. घाईत लिहिलेल्या कागदाला त्याहून वेळ लागतो. शिरोरेघ आधी ओढलेली, शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे पहिले काही आठवडे सगळे एकसारखेच दिसते. सर्वांत महागात पडणारी चूक अक्षरांची नसून आकड्यांची असते. अंकापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ‘१२॥’ म्हणजे साडेबारा. नवशिक्या ते १२११ वाचतो आणि साडेबारा खंडीच्या मचव्याचे जहाज करून टाकतो. शिवाय खंडी म्हणजे वीस मण असले तरी मण बंदराबंदराला वेगळा, म्हणून खंडीचे थेट टन करू नका. मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी अंदाज लिहा.

कागद तीन ठिकाणी विखुरलेला आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारच्या रोजनिश्या व पत्रे, पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज दफ्तर. आधी छापील निवडी वाचून काढा. पेशवे दफ्तरातले ४५ खंड १९३० पासूनच्या काही वर्षांत छापले गेले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग्रंथालयही आहे. मूळ रुमाल त्यानंतर मागवा, म्हणजे काय शोधायचे ते ठाऊक असते. प्रत्येक टिपणावर रुमाल क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि पाहिल्याची तारीख हवीच. हे तीन नसलेले टिपण सहा महिन्यांनी रद्दीच्या मोलाचे.

आता तारखा. सगळे काम इथे अडते किंवा सुटते. मराठी पत्रात साधारणपणे सुहूर सन आणि ‘छ’ अशी खूण करून हिजरी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्यातली तारीख, दिलेला असतो. सुहूर सन अरबी शब्दांत, एकं आधी, मग दहं, मग शेकडा व हजार : ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५६. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास बदलते. जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००. शकात मिळवायचे ते ७८, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९.

इंग्रजी कागदांत वेगळीच फसगत आहे. सप्टेंबर १७५२ पर्यंत इंग्रज जुनी ज्युलियन तारीख लिहीत, आणि १७५१ पर्यंत त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. पोर्तुगीजांनी नवी (ग्रेगोरियन) गणना १५८२ मध्येच घेतली होती. डिसेंबर १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज फौज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर गेली तेव्हा एकाच छावणीत दोन तारखा चालत होत्या : इंग्रजाची १० असेल तर पोर्तुगिजाची २१. अठराव्या शतकात हा फरक ११ दिवसांचा, सतराव्यात १० दिवसांचा. मराठी ग्रंथांतही शिवकाळाच्या तारखा बहुधा जुन्या गणनेने छापतात. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हा त्यातलाच. म्हणून वहीत प्रत्येक तारखेपुढे ‘जु.’ किंवा ‘न.’ अशी खूण करा. ती नसेल तर तुमच्या पुस्तकात एखादे पत्र घटनेच्या आधीच उत्तर घेऊन पोहोचेल.

तिथी हाती आली की नाविकाचे काम सुरू होते, कारण तिथी म्हणजेच भरती. कोकणातला जुना हिशेब तिथीला पाऊणपट करण्याचा : पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मुंबईच्या आसपास भरती साधारण त्या वाजता पूर्ण होते, दक्षिणेला जावे तशी थोडी आधी. तासभर इकडेतिकडे धरा. दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही लक्षात असू द्या. मुंबईला उधाणाचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, गोव्याला दोनेक मीटर, म्हणून मुंबईचा आकडा विजयदुर्गाला लावू नका.

उदाहरण विजयदुर्गाचेच घेऊ. इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या काफिल्याने १२ फेब्रुवारी १७५६ ला हल्ला केला, त्यात आंग्र्यांचे आरमार जळाले आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तारीख १७५२ नंतरची, म्हणजे नवीच, ११ दिवस मिळवायचे नाहीत. त्या दिवशी माघ शुद्ध द्वादशीच्या आसपासची तिथी, चंद्र छ १० किंवा ११ जमादिलावल. छ १ म्हणजे साधारण शुद्ध द्वितीया, हे गणित दोन्हीकडून जुळते. आता बारा पाऊण नऊ : सकाळी आठ-नऊला भरती, दुपारी दोनच्या सुमारास ओहोटीचा तळ, मग पाणी पुन्हा चढते. काफिला आत शिरला तो दुपारच्या खाऱ्या, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या, वाऱ्यावर. चढत्या पाण्यात शिरले की जहाज टेकले तरी पुढच्या तासात सुटते, हे कोणत्याही कप्तानाला सांगावे लागत नाही. पण वॉटसनने हा विचार करून वेळ निवडली, असे लिहू नका. त्याच्या कागदात तसे वाक्य सापडेपर्यंत ‘पाणी त्या वेळी अनुकूल होते’ एवढेच तुमचे. वारा दुपारीच फिरतो, त्यामुळे वेळ वाऱ्याने ठरवली असण्याचीही तेवढीच शक्यता आहे.

मोजमापाचेही तसेच. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे कातळात कोरलेली गोदी आहे. तिचे फक्त लांबी-रुंदीचे माप घेऊन लोक परत येतात. खरे मोलाचे माप तोंडाशी आहे : तोंडाची रुंदी आणि उंबऱ्यावरचे पाणी, घड्याळातली वेळ टिपून. समजा ११ वाजून २० मिनिटांनी उंबऱ्यावर १.२ मीटर पाणी आहे आणि भरतीच्या तक्त्यावरून त्या क्षणी २.१ मीटर येते. मग उंबरा नकाशाच्या शून्यापासून (खोली आणि भरती जिथून मोजतात ती पातळी) ०.९ मीटर वर. उधाणाला २.७ मीटर चढत असेल तर उंबऱ्यावर १.८ मीटर मिळणार, म्हणजे दीड मीटरपेक्षा फार जास्त डूब (पाण्याखाली बुडणारा भाग) असलेले गलबत आत येणार नाही, तेही रिकामे. माप दोन वेगळ्या दिवशी घ्या. पावसाळी वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने पाणी तक्त्यापेक्षा वीतभर तरी वरखाली असते. गाळ साचलेला असेल तर पातळ सळई खुपसून कातळ कुठे लागतो ते पाहा. त्याच्या पुढे जाऊ नका : यांतले बरेच जलदुर्ग संरक्षित आहेत, परवानगीशिवाय खणणे, पाण्यातून वस्तू वर काढणे किंवा ड्रोन उडवणे चालत नाही. ‘पाण्याखालची भिंत’ दिसली म्हणून लगेच बातमी देऊ नका. कोकणचा कातळ सरळ रेषेत फुटतो आणि लांबून तटबंदीसारखाच दिसतो.

जुन्या नकाशांतली खोली वावेत असते, एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. आजच्या नकाशाशी ताडताना फरक दिसला की तो गाळाचा म्हणायच्या आधी दोन्ही नकाशांचे शून्य एकच आहे का ते पाहा.

सवयीने होणाऱ्या चुका वेगळ्याच. सरखेलाला (आरमाराचा प्रमुख) अॅडमिरल, गुराबेला (मोठी लढाऊ नौका) फ्रिगेट, दस्तकाला (समुद्रावर फिरायचा परवाना) पासपोर्ट म्हटले की वाचणाऱ्याला ब्रिटिश नौदल दिसू लागते. गुराब, गलबत, शिबाड, मचवा हे शब्द तसेच ठेवा आणि पहिल्यांदा आले की एका वाक्यात सांगा. इंग्रजी पत्रातला ‘पायरेट’, आपला चाचा, म्हणजे बहुधा दस्तक न मानणारा किंवा दस्तक मागणारा एवढेच असते, कोणत्या बाजूचे पत्र त्यावर. आणि लॉगबुकाच्या सवयीने दिवसावार लिहीत सुटू नका. मोसमावार लिहा. ज्येष्ठात गलबते किनाऱ्यावर ओढली की नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, त्या काळात पत्रे लाकूड, दोर, पगार आणि थकबाकी यांचीच असतात. आरमार कसे चालत होते हे त्याच कंटाळवाण्या कागदांत कळते, लढायांच्या वर्णनांत क्वचितच.

गावातले तांडेल, नाखवे आणि रापणीवाले या दर्यावर्दी माणसांकडे कागद झाल्यावर जा, आधी नाही. खडकांची नावे, वाऱ्यांची नावे, कुठे नांगर धरतो आणि कुठे घसरतो, हे विचारा. राजे-लढायांबद्दल विचारलेत तर हल्लीच कुठेतरी ऐकलेले परत ऐकायला मिळेल. मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा) वारा पहाटे किती वाजता पडतो, हे मात्र त्यांच्याइतके अचूक कोणताही रुमाल सांगणार नाही. ते लिहून घ्या, महिना आणि जागा घालून.